स्लाईसची हद्द कोणी ठरवायची?

संकेतस्थळाचे अथवा मोबाईलवरील ॲपचे आरेखन करणाऱ्या कलाकाराच्या हातून जे चित्र पुरे होते ते एकसंध असते. परंतु ज्या प्रोग्रॅमरच्या स्वाधीन ते पुढील कार्यवाहीसाठी केले जाते त्यास एकसंध चित्राचा उपयोग नसतो. त्यास हवे असतात ते त्या चित्राचे सुटे घटक, म्हणजे बोधचिन्ह निराळे, प्रत्येक बटण निराळे, शीर्षभागातील छायाचित्र निराळे, आणि तेही प्रत्येक घटकास साजेल अशा फाईल-प्रकारात, नेमक्या मापात व ठरलेल्या नावाने. या दोन अवस्थांच्या मध्ये जे काम पडते त्याला व्यवसायात स्लाईस काढणे किंवा ॲसेट एक्स्पोर्ट करणे असे म्हणतात. हे काम यांत्रिक आहे, कलेचा भाग संपल्यावर उरलेल्या तासाभरात ते उरकता येते, ही समजूत लहानमोठ्या स्टुडिओंतून इतकी दृढ आहे की ते बहुधा सर्वांत नवख्या माणसाकडे सोपवले जाते. आणि मग पडद्यावर आलेली बटणे एका ओळीत बसत नाहीत, सावल्या मध्येच तुटतात, अक्षरांभोवती पांढरी किनार दिसते, याचा दोष कोणी सॉफ्टवेअरला देतो तर कोणी प्रोग्रॅमरला. माझे प्रतिपादन असे की यांतील बहुतेक दोष एक्स्पोर्टच्या खिडकीत उत्पन्न होतच नाहीत. प्रत्येक तुकड्याची हद्द कोठून कोठवर आणि त्याचे नाव काय, हे दोन निर्णय कलाकाराने स्वतः न घेता सॉफ्टवेअरवर सोपवले की ते उत्पन्न होतात. सबब पुढील विवेचनात मेन्यूतील हुकुमांचा तपशील येईलच, परंतु अधिक जागा मी या हद्दीच्या प्रश्नाला देणार आहे.

प्रथम लेयर आणि स्लाईस यांतील भेद मनात स्पष्ट असला पाहिजे, कारण पुढचा सारा घोटाळा या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो. लेयर ही चित्राची खोलीच्या दिशेने केलेली विभागणी होय: तळाशी पार्श्वभूमी, तिच्यावर छायाचित्र, त्यावर बटणाची पट्टी आणि सर्वांत वर अक्षरे. स्लाईस म्हणजे चित्राच्या पृष्ठभागावर आखलेला आयत. त्या आयताच्या खाली किती लेयर आहेत याची त्यास दखल नसते, जे दिसते ते सर्व तो एकत्र उचलतो. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात लेयर नव्हते. ते १९९४ च्या ३.० आवृत्तीत आले, आणि स्लाईसची हत्यारे खुद्द फोटोशॉपमध्ये आली ती २००० सालच्या ६.० आवृत्तीत. त्या काळी संकेतस्थळाचे पान टेबलच्या रकान्यांत बसवण्याची पद्धत होती. एक मोठे चित्र आयताकृती तुकड्यांत कापायचे, प्रत्येक तुकडा एकेका रकान्यात ठेवायचा, आणि ब्राउझरच्या पडद्यावर ते पुन्हा जोडलेले दिसावे अशी ती योजना होती. सबंध पृष्ठभाग झाकला जावा म्हणून कलाकाराने आखलेल्या स्लाईसच्या आजूबाजूस उरलेली जागा फोटोशॉप आपोआप स्लाईस पाडून भरून काढतो, त्याचे कारण हेच. पानाची मांडणी आता सीएसएसकडून होते, टेबलची गरज संपली; परंतु आपोआप पडणारे ते तुकडे अद्याप पडतात, आणि त्यांना न ओळखणाऱ्या माणसाच्या फोल्डरमध्ये हव्या असलेल्या सहा फाइलींबरोबर नको असलेल्या तीसचाळीस रिकाम्या चिठ्ठ्याही जमा होतात.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एखाद्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ डोळ्यांपुढे ठेवू. त्याच्या मुखपृष्ठावर संस्थेचे बोधचिन्ह आहे, इमारतीचे छायाचित्र आहे आणि 'मुख्य पान', 'ग्रंथसूची', 'सभासद', 'संपर्क' अशी चार बटणे आहेत. फोटोशॉपमध्ये बोधचिन्हाचा लेयर निवडून 'लेयर' या मेन्यूतील 'न्यू लेयर बेस्ड स्लाईस' हा हुकूम दिला की त्या लेयरमधील सर्व पिक्सेल ज्यात मावतील असा लहानात लहान आयत आपोआप आखला जातो. याचा मोठा गुण असा की पुढे बोधचिन्ह हलवले, वाढवले किंवा त्यास सावली दिली तर स्लाईसही त्याबरोबर हलते व वाढते. हाताने आखलेली स्लाईस मात्र होती तेथेच राहते. लेयरवर आधारलेल्या आणि हाताने आखलेल्या स्लाईसची किनार अखंड रेषेची असते, आपोआप पडलेल्या स्लाईसची तुटक रेषेची. ही खूण ध्यानात ठेवली की पडद्यावरील गर्दीत आपले काय आणि परके काय हे तत्काळ कळते. लेयरवर आधारलेल्या स्लाईसची कड ओढून तिचे माप बदलता येत नाही. तसे करणे आवश्यक वाटल्यास स्लाईस सिलेक्ट या हत्याराने ती निवडून 'प्रमोट' या बटणाने तिला प्रथम स्वतंत्र स्लाईस करून घ्यावे लागते, आणि त्या क्षणापासून तिचा लेयरशी असलेला संबंध संपतो.

यानंतर 'फाईल' मेन्यूतील 'एक्स्पोर्ट' या पोटमेन्यूत 'सेव्ह फॉर वेब' हा हुकूम आहे, ज्यापुढे अलीकडील आवृत्त्यांत 'लेगसी' असे लिहिलेले असते, म्हणजे तो जुन्या सोयीसाठी राखून ठेवलेला आहे. त्या खिडकीत प्रत्येक स्लाईस स्वतंत्रपणे निवडून तिला निराळा फाईल-प्रकार देता येतो, छायाचित्राला जेपेग आणि बोधचिन्हाला पीएनजी. आणि ही सोय इतकी उपयुक्त आहे की केवळ तिच्यासाठी हा जुना मार्ग अनुभवी माणसे सोडत नाहीत. जतन करताना सर्व स्लाईस, आपण आखलेल्या स्लाईस की फक्त निवडलेल्या स्लाईस, असा प्रश्न खिडकीच्या तळाशी विचारला जातो. तेथे 'निवडलेल्या' हा पर्याय घ्यावा, आणि फाइलींच्या स्वरूपाबाबत 'फक्त चित्रे' असे सांगावे, म्हणजे टेबलच्या काळातील ती निरुपयोगी एचटीएमएल फाईल सोबत येणार नाही. निघालेली चित्रे 'इमेजेस' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात.

येथवर सर्व सुरळीत वाटते. परंतु बोधचिन्हाची फाईल उघडली म्हणजे त्याच्या मागे पानाची पार्श्वभूमीही चिकटून आलेली दिसते. स्लाईस लेयरवरून आखली म्हणून तिने फक्त तो लेयर उचलावा, अशी अपेक्षा स्वाभाविक असली तरी ती चुकीची आहे. लेयरने येथे फक्त आयताचे माप पुरवलेले असते, आतील मजकूर त्या आयतातील सर्व दृश्य लेयरांचा असतो. पारदर्शक पार्श्वभूमीचे बोधचिन्ह हवे असेल तर एक्स्पोर्टपूर्वी खालचे लेयर डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून झाकले पाहिजेत. दोनचार घटकांपुरता हा उपाय चालतो. घटक पन्नास असले, आणि ते एकमेकांवर अर्धवट चढलेले असले, तर लेयर झाकण्या-उघडण्याच्या त्या खटाटोपात काहीतरी राहून जाणारच. अशा वेळी स्लाईसचा मार्ग सोडून लेयरच्याच मार्गाने जावे हे उचित.

तो मार्ग २०१३ च्या सप्टेंबरात फोटोशॉप सीसीच्या १४.१ आवृत्तीने 'जनरेटर' या नावाने खुला केला, आणि माझ्या मते या कामाच्या इतिहासात एवढी सुविचारित सोय दुसरी झालेली नाही. 'फाईल' मेन्यूतील 'जनरेट' याखालील 'इमेज ॲसेट्स' ही खूण चालू करावी आणि ज्या लेयरची किंवा ग्रुपची फाईल हवी त्याच्या नावापुढे फाईल-प्रकाराचा प्रत्यय लावावा. बोधचिन्हाच्या ग्रुपला 'लोगो.पीएनजी' असे नाव रोमन लिपीत दिले की मूळ फाइलीच्या शेजारी तिच्याच नावाला 'ॲसेट्स' जोडून झालेल्या फोल्डरमध्ये ती फाईल तत्क्षणी तयार होते, खाली काय आहे आणि वर काय आहे याचा तिच्यावर परिणाम होत नाही. कलाकाराने रंग बदलला की फाईल बदलते. नावातील प्रत्यय काढून टाकला की फाईलही फोल्डरमधून जाते. एकाच लेयरची अनेक रूपे हवी असल्यास नावे स्वल्पविरामाने तोडून ओळीने लिहावीत. जेपेगचा दर्जा प्रत्ययाला लागून लिहितात, १ ते १० या श्रेणीत किंवा टक्क्यांत. काहीच न लिहिल्यास तो ९० टक्के धरला जातो. पीएनजीपुढे ८, २४ किंवा ३२ लिहून रंगांची खोली सांगता येते आणि न सांगितल्यास ३२ गृहीत असते. माप बदलायचे असेल तर ते नावाच्या आधी, मध्ये एक मोकळी जागा सोडून लिहावे: '२००% लोगो.पीएनजी' असे म्हटले की दुप्पट मापाची फाईल निघते. दुप्पट माप काढताना एक पथ्य आहे. लेयर जर वेक्टर आकृतीचा किंवा अक्षरांचा असेल तर तो मोठा होऊनही स्वच्छ राहतो, पण पिक्सेलांचा असेल तर जे तपशील मुळात नाहीत ते मोठे केल्याने उत्पन्न होणार नाहीत. म्हणून छायाचित्रे आरंभापासूनच मोठ्या मापात, स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून बसवावीत.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. लेयरवर आधारलेली स्लाईस असो की जनरेटरने काढलेली फाईल, दोहोंची हद्द पिक्सेल जेथे संपतात तेथे संपते, आणि रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनाही हा नियम जाचक असला तरी देवनागरीत तो अधिक घातक ठरतो. 'सभासद' हा शब्द पाहा: त्याच्या शिरोरेषेवर काही नाही आणि तळाशी उकार नाही. 'ग्रंथसूची' पाहा: शिरोरेषेच्या वर अनुस्वार आहे, वेलांटीची कमान आहे, आणि खाली दीर्घ ऊकार लोंबतो आहे. 'संपर्क' या शब्दावर अनुस्वार व रफार आहेत, खाली काही नाही. 'मुख्य पान' यात खाली उकार आहे, वर काही नाही. हे चार शब्द एकाच फॉन्टात, एकाच आकारात, एका ओळीत नीट लिहिलेले असले तरी त्यांचे चार लेयर सुटे काढले की चार निरनिराळ्या उंचीच्या फाइली हाती येतात. आणि प्रोग्रॅमरने त्या वरच्या कडेने जुळवल्या तर 'सभासद'ची शिरोरेषा 'ग्रंथसूची'च्या वेलांटीच्या माथ्याला लागते, खालच्या कडेने जुळवल्या तर उकाराच्या टोकाशी इतर शब्दांचा तळ येतो, आणि मध्यावर जुळवल्या तर चारही शिरोरेषा थोड्याथोड्या अंतराने वरखाली होतात. मराठी वाचकाची दृष्टी शब्दाशब्दांतून शिरोरेषेच्या आधाराने पुढे सरकते. ती रेषा दोन पिक्सेलांनी जरी तुटली तरी, काय चुकले हे सांगता न आले तरी, काहीतरी चुकले आहे हे त्यास जाणवते. ज्यांनी या सॉफ्टवेअरांची रचना केली त्यांच्यापुढे ही लिपी नव्हती, आणि म्हणूनच तिची काळजी वाहणे हे आपले काम आहे.

उपाय असा की सजातीय घटकांच्या सर्व तुकड्यांची हद्द एकच ठेवावी आणि ती पिक्सेलांवरून न ठरवता कलाकाराने आखून द्यावी. ती कशी आखावी? वापरलेल्या फॉन्टात 'र्की' आणि 'ठ्ठू' यांसारखी उंच व खोल जोडणी एकदा लिहून पाहावी, त्यांच्या माथ्यापासून तळापर्यंतचे अंतर मोजावे, वर-खाली थोडी मोकळी जागा धरावी आणि तीच उंची चारही बटणांस लावावी. फोटोशॉपमध्ये गाईड ओढून त्या हद्दी कायम कराव्यात. स्लाईस हे हत्यार हाती असताना वरच्या पट्टीत 'स्लाईसेस फ्रॉम गाईड्स' हे बटण दिसते, ते गाईडच्या रेषांवरून सबंध पानाच्या स्लाईस एका दमात पाडते, मात्र पूर्वीच्या हाताने आखलेल्या स्लाईस त्यात जातात याची जाणीव ठेवावी. जनरेटर वापरत असल्यास बटणाच्या ग्रुपला त्या ठरलेल्या आयताचा लेयर मास्क लावावा; फाइलीचे माप मग मास्कवरून ठरते आणि आतील मोकळी जागा पारदर्शक राहते. बटणाला स्वतःची भरीव पट्टी असेल तर प्रश्न आपोआप सुटतो, कारण पट्टी आणि अक्षरे एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपच एक्स्पोर्ट केला की पट्टीची हद्द तीच तुकड्याची हद्द होते. अडचण येते ती सुट्या अक्षरांची.

आणि सुट्या अक्षरांबद्दल खरे सांगायचे तर ती चित्र म्हणून एक्स्पोर्ट करण्याआधी कलाकाराने स्वतःस विचारावे की याची गरज आहे काय. एक काळ असा होता की वाचकाच्या संगणकावर देवनागरी फॉन्ट असेल याचा भरवसा नव्हता आणि मराठी शब्द चित्ररूपाने पाठवणे भाग होते. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फॉन्ट आला आणि पुढे वेब फॉन्टांनी ती अडचण नाहीशी केली. मुंबईच्या एक टाईप या मंडळींनी घडवलेले 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे देवनागरी फॉन्ट आज कोणासही विनामूल्य वापरता येतात. चित्रातील शब्द अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, शोधयंत्रास सापडत नाही, आणि वाचकाने अक्षर मोठे केले तर तो फुटतो. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या सुलभतेविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही मजकुराचे काम चित्राकडून करून घेऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणून बोधचिन्हातील घडवलेली अक्षरे किंवा एखाद्या सुलेखनकाराच्या हातचे शीर्षक एवढ्यांनाच चित्राचा मान द्यावा, आणि तेथेही पर्यायी मजकूर लिहून द्यावा. बटणांवरील साधे शब्द प्रोग्रॅमरच्या हवाली अक्षरे म्हणूनच करावेत. जेथे तसे शक्य नाही, उदाहरणार्थ एखाद्या वृत्तपत्रिकेच्या ई-मेलमध्ये, तेथे वरील हद्दीची योजना पाळावी.

सावलीचा प्रश्न या हद्दीशीच निगडित आहे. ड्रॉप शॅडो दिलेल्या लेयरची हद्द सावलीसकट मोजली जाते, आणि सावली बहुधा खाली व एका बाजूस पडत असल्याने तुकड्याचा मध्य आणि बटणाचा मध्य एक राहत नाहीत. परिणामी प्रोग्रॅमरने फाईल अगदी मधोमध बसवली तरी बटण वर सरकल्यासारखे दिसते, आणि हाताने आखलेली स्लाईस बटणापुरतीच ठेवली तर सावली सुरीने कापल्यासारखी संपते. साध्या आयताची सावली सीएसएस स्वतः काढू शकते. तेव्हा एक्स्पोर्टच्या वेळी ती बंद ठेवावी आणि तिचे अंतर, पसारा व रंग प्रोग्रॅमरला लिहून द्यावेत. अनियमित आकृतीची सावली मात्र चित्राबरोबरच पाठवणे सोयीचे. अशा वेळी चारही बाजूंस सारखी मोकळी जागा राखावी, मग एका बाजूस ती रिकामी राहिली तरी चालेल.

फाईल-प्रकारांविषयी फार विस्ताराने लिहिण्याची गरज नाही, पण निवड चुकली की चांगली कापलेली स्लाईसही बिघडते. १९९२ च्या सुमारास प्रमाणित झालेली जेपेगची रीत चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे आकुंचित करते. छायाचित्राला ती मानवते, परंतु तीक्ष्ण कडांच्या अक्षरांभोवती ती मळकट ठिपके सोडते, आणि पारदर्शकता तर तिच्यात नाहीच. रंगाची माहिती ती प्रकाशाच्या माहितीपेक्षा अधिक काटकसरीने ठेवत असल्याने काळ्या भूमीवरील तांबडी किंवा भगवी अक्षरे कमी दर्जाच्या जेपेगमध्ये हमखास विरघळतात. १९८७ चे जिफ २५६ रंगांपुरते मर्यादित आहे आणि त्याच्यात पिक्सेल एकतर पारदर्शक असतो किंवा नसतो, मधली अवस्था नाही. म्हणून गोलाकार कडेचे बोधचिन्ह जिफमध्ये काढले की कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल एक्स्पोर्टच्या वेळी 'मॅट' म्हणून नेमलेल्या पार्श्वरंगात मिसळले जातात, आणि तो रंग पांढरा असून पान गडद असेल तर ती कुप्रसिद्ध पांढरी किनार उमटते. १९९६ साली मान्यता पावलेल्या पीएनजीच्या ३२ बिटी रूपात पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या असल्याने ही अडचण उद्भवत नाही. एकच छायाचित्र दोन स्लाईसमध्ये कापून एक जेपेग व दुसरी पीएनजी काढण्याचा मोह टाळावा. जेपेगच्या आकुंचनात सपाट रंग किंचित बदलतो आणि जोडाची रेषा दिसू लागते. वेक्टर आकृत्यांना एसव्हीजी सर्वोत्तम, कारण तिला मापाचे बंधन नाही. फक्त त्यातील अक्षरे आधी आकृत्यांत रूपांतरित करावीत, एरवी दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास जोडाक्षरे सुटून पडतात. मूळ फाईल छापखान्यासाठी केलेली, म्हणजे सीएमवायके रंगव्यवस्थेतील असेल, जसे एकच कलाकार जाहिरात, फ्लेक्स आणि संकेतस्थळ तिन्ही करतो तेथे पुष्कळदा असते, तर एक्स्पोर्टपूर्वी तिची प्रत काढून ती एसआरजीबीत आणावी आणि रंग डोळ्यांनी पडताळावेत.

मोबाईलच्या ॲपसाठी एकाच चिन्हाच्या अनेक मापांच्या फाइली लागतात. आयफोनने २०१० साली दुप्पट घनतेचा पडदा आणला आणि २०१४ साली तिप्पट. अँड्रॉइडच्या श्रेणीत मूळ मापाच्या दीडपट, दुप्पट, तिप्पट आणि चौपट अशी मापे येतात. यांतील दीडपट ही सर्वांत त्रासदायक. मूळ चिन्ह २५ पिक्सेलांचे काढले तर दीडपटीला साडेसदतीस होतात, अर्धा पिक्सेल अस्तित्वात नसतो, आणि सॉफ्टवेअर कड पुसट करून वेळ मारून नेते. तेच चिन्ह २४ चे काढले असते तर ३६, ४८, ७२ आणि ९६ अशी स्वच्छ मापे मिळाली असती. म्हणून चिन्हाच्या हद्दीचे माप नेहमी सम, शक्यतो चाराच्या पटीत धरावे. त्याचबरोबर आकृतीचा कोपरा पूर्ण पिक्सेलावर बसलेला आहे काय हेही पाहावे. ज्या आकृतीचे स्थान दशांशचिन्हासह दिसते, तिची एक कड एक्स्पोर्टनंतर धूसर येणार हे निश्चित समजावे.

इतर सॉफ्टवेअरांतही तत्त्व हेच असून हुकूम तेवढे निराळे आहेत. फिग्मामध्ये स्लाईसचे हत्यार एस या कळीवर आहे, परंतु सुटा घटक काढायचा असेल तर त्याला ठरलेल्या मापाच्या फ्रेममध्ये बसवून ती फ्रेमच एक्स्पोर्ट करणे श्रेयस्कर, कारण फ्रेमची हद्द आतील पिक्सेलांवर अवलंबून नसते. उजवीकडील एक्स्पोर्टच्या भागात एका घटकाला अनेक पटी व अनेक प्रकार नेमून देता येतात आणि नावात तिरकी रेघ घातली की त्याप्रमाणे फोल्डर पडतात. ज्यांना सशुल्क सॉफ्टवेअर परवडत नाही त्यांनी इंकस्केपकडे वळण्यास हरकत नाही; २०२२ च्या मे महिन्यात आलेल्या १.२ आवृत्तीपासून त्याच्या एक्स्पोर्टच्या खिडकीत 'बॅच एक्स्पोर्ट' आहे, तेथे सर्व लेयर एकाच वेळी, अनेक प्रकारांत व अनेक घनतांत निघतात. गिंपमध्ये 'स्लाईस युझिंग गाईड्स' हा हुकूम गाईडच्या रेषांवर चित्र कापून प्रत्येक तुकडा निराळे चित्र म्हणून उघडतो. छायाचित्राचे नेमके भाग पाडायला तो पुरेसा आहे.

नावांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता. लेयरचे नाव हेच फाइलीचे नाव होत असल्यामुळे 'लेयर १७ कॉपी ३' अशी नावे ज्या फाइलीत आहेत ती एक्स्पोर्टला योग्य झालेली नाही असेच मानावे. नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ घालून लिहावीत. कारण विंडोजवर मोठ्या व लहान अक्षरांत भेद होत नाही, पण लिनक्सच्या सर्व्हरवर होतो, आणि कलाकाराच्या संगणकावर दिसणारे चित्र तेथे गेल्यावर सापडत नाही. देवनागरीत नाव देण्याची इच्छा मी समजू शकतो, तथापि पत्त्यात शिरताना देवनागरीचे प्रत्येक संकेतचिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांचे होते. 'ग्रंथसूची' या शब्दात अशी ९ संकेतचिन्हे आहेत, म्हणजे त्या एका नावाचे पत्त्यात ८१ अक्षरांचे दुर्बोध शेपूट तयार होते. नावात प्रथम वर्ग, मग घटक, मग अवस्था हा क्रम ठेवावा: बटण, ग्रंथसूची, दाबलेले. असा क्रम असला की फोल्डरमध्ये एका जातीच्या फाइली आपोआप शेजारीशेजारी येतात आणि कोणती राहिली हे नजरेत भरते.

फाइली निघाल्यावर त्या पाठवण्यापूर्वी एक रिकामे चित्र उघडून त्याचा अर्धा भाग पांढरा व अर्धा गडद करावा आणि सर्व तुकडे दोन्ही भागांवर ठेवून पाहावेत. पांढरी किनार गडद भागावर उघडी पडते, आणि तुटलेली सावली पांढऱ्यावर. त्यानंतर चारही बटणांच्या फाइली वरच्या कडेने जुळवून एक आडवी गाईड शिरोरेषेवर ओढावी. ती चौघांच्याही शिरोरेषेवरून गेली पाहिजे. बदल सुचवला गेला तर फक्त बदललेली फाईल न काढता त्या वर्गातील सर्व फाइली पुन्हा काढाव्यात, आणि त्याआधी जुने फोल्डर रिकामे करावे, कारण नाव बदललेल्या लेयरची पहिली फाईल तेथेच पडून राहिली तर प्रोग्रॅमर तीच उचलण्याचा संभव असतो. सोबत एक लहानशी टीप द्यावी: प्रत्येक वर्गाची हद्द किती पिक्सेलांची, त्यात वर-खाली मोकळी जागा किती, सावलीची मापे कोणती आणि शिरोरेषा वरच्या कडेपासून किती अंतरावर.